सेंद्रिय शेतीचं प्रोबेशन

ऑरगॅनिकची क्रेझ आता थेट आपल्या किचनमध्ये पोचलीय. गूळ ऑरगॅनिक, तूरडाळ ऑरगॅनिक, पालकाची जुडीसुद्धा ऑरगॅनिक! पण बिल हातात आलं की हमखास प्रश्न पडतो, ‘अरे, सरकार यांना सबसिडी देतं ना? मग एवढं महाग का?’

प्रश्न रास्त आहे. म्हणून आज जरा हिशेबच मांडू या.

सेंद्रिय शेतीसाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये परंपरागत कृषी विकास योजना आणली. या योजनेत आता हेक्टरी ३१,५०० रुपये मिळतात, तेही तीन वर्षांचे मिळून. त्यातले ९,००० प्रशिक्षणाला, ३,००० सर्टिफिकेशन आणि तपासणीला, ४,५०० पॅकिंग, ब्रँडिंग नि मार्केटिंगला. शेतकऱ्याच्या खात्यात थेट येतात १५,०००. हेक्टर म्हणजे अडीच एकर. म्हणजे एकरी वर्षाला दोन हजार, महिन्याला पावणेदोनशेच्या आत. मल्टिप्लेक्समधलं एक तिकीटसुद्धा येईलच असं नाही!

आता हे पैसे कोणत्या काळात मिळतात ते बघा. रासायनिक खत बंद केलं म्हणून माल लगेच ‘ऑरगॅनिक’ होत नाही. मधला काळ रूपांतराचा. हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं, फळबागांना तीन. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोबेशन. काम फुल टाइम, पगार मात्र जुनाच. सुरुवातीला उत्पादन बऱ्याचदा घटतं, तण काढायला मजुरी वाढते आणि माल जातो त्याच बाजारात, त्याच भावात. प्रोबेशन संपून सर्टिफिकेट हातात पडतं, तोवर योजनेची तीन वर्षंही संपत आलेली असतात. यापुढे तुझं तू बघ!

दुसरीकडे युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपयांच्या आसपास पडते. बाकीचा खर्च सरकार उचलतं. तिथे तीन वर्षांची मुदत नाही. २०२२-२३ मध्ये खतांच्या सबसिडीवर केंद्राचे सुमारे अडीच लाख कोटी रुपये गेले. स्वस्त खताची शेतकऱ्याला गरज आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एक रस्ता कायमचा स्वस्त आणि दुसऱ्यावर फक्त तीन वर्षांचा पास, असं असेल तर माणूस कुठून जाईल?

सिक्कीम २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झालं, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण टाळ्यांनी भाजी विकली जात नाही. त्यासाठी गिऱ्हाईक लागतं.

इथे आपला नंबर येतो. पुढच्या वेळी लेबल नीट वाचा. ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ असं लिहिलेलं दिसलं तर समजा, हा माल प्रोबेशनवरच्या शेतातला आहे. अजून पूर्ण ऑरगॅनिक नाही, पण त्या वाटेवर आहे. बहुतेक जण हे पाकीट ‘पक्कं नाही’ म्हणून परत ठेवतात. खरं तर दोन पैसे जास्त देऊन घ्यावं, ते हेच. शक्य असेल तर सोसायटीतल्या चार घरांनी मिळून एखाद्या शेतकरी गटाकडे दर आठवड्याची ऑर्डर पक्की करावी.

प्रोबेशनमध्ये कुणी सांभाळून घेतलं की माणूस टिकतो, हे आपल्यापेक्षा चांगलं कोणाला ठाऊक?