परवडणारी स्पोर्ट्स कार: टाटांनी अर्ध्यावर सोडलेला डाव

१/ पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाणारा महामार्ग धाराशिव जिल्ह्यात नळदुर्ग आणि उमरगा ओलांडून कर्नाटकात शिरतो. त्याच्या पुण्याकडच्या टोकाला, पिंपरीत, टाटा मोटर्सचा कारखाना आहे. मध्यमवर्गीय खिशाला पेलणारी वेगवान गाडी ही कंपनी यापुढे बनवत राहील का? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते.

२/ आरंभ शेजारच्या सोलापुरातच होतो. वालचंद हिराचंद यांचा जन्म तिथे १८८२ साली झाला. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. परवाना-राजवटीत गाडी मिळण्यासाठीच वर्षानुवर्षे थांबावे लागे, तिथे वेगाचा विचार कोण करणार? तो हौशी मंडळींनी केला. याच साध्या फियाटच्या इंजिनात फेरफार करून ती मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत उतरवली जाई.

३/ खरीखुरी स्पोर्ट्स कार आली ती गोव्यातून. १९९८ ची ‘सॅन स्टॉर्म’: उघडे छत, फायबरग्लासचा सांगाडा, रेनॉचे छोटे इंजिन आणि आसने फक्त दोन. ती रुजली नाही, यात नवल नाही. धाराशिवसारख्या जिल्ह्यात घरात एकच गाडी असते. तुळजापूरचे दर्शन, सोलापूरचे हॉस्पिटल, लग्नाचे वऱ्हाड, शेतातली दोन पोती, सारे तिलाच करावे लागते. दोन आसनांत हा संसार मावत नाही. म्हणून भारतात परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारचे खरे रूप म्हणजे जोरकस इंजिनाची पाच आसनी हॅचबॅक.

४/ या रूपाला आकार दिला तो करांनी. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले. चाकणच्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचे (२०१३) टर्बो इंजिन ११९७ सीसीचे होते, ते या मर्यादेत बसले. रांजणगावच्या अबार्थ पुंटोचे (२०१५) १३६८ सीसीचे इंजिन १४५ अश्वशक्ती देई. गाडी चार मीटरच्या आत, पण इंजिनापायी वरच्या करात. किंमत जवळपास दहा लाखांवर गेली. त्या काळी एवढ्या पैशांत ऐसपैस सेडान दारात उभी राहत असे.

५/ आता टाटा. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘रेसेमो’ ही देखणी दोन आसनी गाडी मांडली गेली. तिची जाहिरात खूप झाली, पण ती विक्रीला कधीच आली नाही. २०१८ मध्ये कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्जबरोबरच्या भागीदारीतून टियागो जेटीपी आली. ११४ अश्वशक्ती, किंमत ६.३९ लाखांपासून. महाराष्ट्रातल्या शिक्षकाच्या वा कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्याच्या मुलाला हिशेब मांडून पाहता येईल, अशी ही गाडी होती.

६/ १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि जेटीपी बंद पडली. नव्या मानकांमुळे नाइलाज झाला, हे स्पष्टीकरण अर्धेच पटते. जेटीपीचे १.२ लिटर टर्बो इंजिन नेक्सॉनच्या कुळातले होते, आणि नेक्सॉनमध्ये ते बीएस-६ होऊन दिमाखात चालत राहिले. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती. मोजक्या खपाच्या गाडीसाठी चाचण्यांचा आणि प्रमाणपत्राचा वेगळा खर्च करायचा की नाही, एवढाच सवाल होता. कंपनीने नाही म्हटले. व्यापाराच्या दृष्टीने ते गैर नव्हे. पण त्याच कुळातले इंजिन १२० अश्वशक्तीसह २०२४ मध्ये ‘अल्ट्रोझ रेसर’मध्ये परतले, ९.४९ लाखांना. मधल्या चार वर्षांत जेटीपी नावाने जमवलेला सगळा लौकिक वाया गेला होता आणि नव्या नावाला पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागली.

७/ धरसोडीचा भार पडतो तो गिऱ्हाइकावर. महानगरातला हौशी तीन वर्षांनी गाडी बदलतो. उमरग्याचा माणूस ती दहा-बारा वर्षे वापरतो, आणि दोन वर्षांत बंद पडलेल्या गाडीचा खास बंपर किंवा सस्पेन्शनचा भाग शोधताना त्याची दमछाक होते. पुढच्या वेळी तो निमूटपणे साधी गाडी घेतो. मग कंपनी म्हणते, अशा गाड्यांना मागणीच नाही!

८/ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. अल्ट्रोझ ३९९० मिलिमीटर लांब आहे आणि रेसरचे इंजिन ११९९ सीसीचे. दोन्ही मोजमापे सवलतीच्या रेषेच्या आत आहेत. अबार्थला जी अडचण आली, ती पिंपरीला नाही. अशी गाडी पुढच्या मानकांच्या वेळीही चालू ठेवायची की नाही, हा निर्णय आता सर्वस्वी टाटांच्या हातात आहे.