विश्लेषण : वादळात गाडीची मागची काच फुटली; क्लेम करायचा की खिशातून भरायचे?

मे महिन्यातला दिवसभराचा उकाडा, चारनंतर भरून आलेले आभाळ आणि मग अर्धा तास सोसाट्याचा वारा. वळवाचा पाऊस ओसरल्यावर सोसायटीच्या गेटबाहेर लावलेल्या गाडीकडे माणूस धावतो, तर टपावर गुलमोहराची फांदी आडवी पडलेली आणि मागच्या काचेच्या जागी नुसती चौकट. डिकीत आणि मागच्या सीटवर खडीसाखरेसारखे तुकडे. पहिला फोन गॅरेजवाल्याला जातो आणि तिकडून उत्तर येते, ‘इन्शुरन्स आहे ना? मग टाका क्लेम.’ बहुतेक जण तेच करतात. मात्र नुसती काच फुटली असेल, तर हा क्लेम अनेकदा तोट्यात जातो. तो तोटा त्या दिवशी दिसत नाही, पुढच्या पाच वर्षांच्या हप्त्यांतून हळूहळू वसूल होतो.

पुढच्या काचेला तडा जातो, मागचीचा चुरा का होतो?

दोन्ही काचा मुळातच वेगळ्या असतात. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. आघात झाला तरी तुकडे त्या पडद्याला चिकटून राहतात. मागची काच बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असते. ती ६०० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो. त्यामुळे पृष्ठभागावर दाब आणि गाभ्यात ताण कायमचा कोंडला जातो. म्हणून ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते. पण आघात पृष्ठभागाचा थर भेदून आत पोहोचला, की कोंडलेला ताण एकदम मोकळा होतो आणि सगळ्या काचेचा चुरा होतो. तुकडे बोथट असल्याने जीवघेणी जखम होत नाही, हा त्यामागचा हेतू.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की पुढच्या काचेवरचा बारीक टवका काही वेळा भरून घेता येतो. मागच्या काचेला दुरुस्ती नाही, ती बदलावीच लागते. या काचेचा सर्वात नाजूक भाग म्हणजे तिची कड. गारपिटीत कडेला बारीकसा टवका उडाला असेल, तर काच त्या दिवशी तग धरते आणि पुढे एखाद्या तापलेल्या दुपारी, कोणी हात न लावता फुटते. वादळानंतर काच शाबूत दिसली तरी चारही कडांवरून नजर फिरवावी, ती यासाठी.

पहिल्या अर्ध्या तासात काय करावे?

फांदीसोबत विजेची तार खाली आली आहे का, हे आधी पाहावे. तार असेल तर गाडीला हात लावू नये. वीज कंपनीला आणि अग्निशमन दलाला कळवावे.

गाडी सीएनजीवर असेल तर दुसरी तपासणी तेवढीच महत्त्वाची. महाराष्ट्रातल्या शहरांत सीएनजी गाड्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांची टाकी बहुधा डिकीत, म्हणजे मागच्या काचेच्या अगदी खाली असते. जड फांदी डिकीवर आदळली असेल, गॅसचा वास येत असेल किंवा टाकीच्या व्हॉल्व्हवर मार दिसत असेल, तर गाडी सुरू करू नये. टाकीवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि सीएनजीचे काम करणाऱ्या माणसाला जागेवर बोलवावे.

त्यानंतर फोटो. फांदी हलवण्याआधी, नंबर प्लेट आणि झाड एकाच चौकटीत दिसतील असे दोन-तीन, मग जवळून काचेचे, टपाचे, डिकीच्या दाराचे. एक छोटा व्हिडीओही काढावा. क्लेम करायचा की नाही हे ठरलेले नसले तरी फोटो काढावेत, कारण फांदी एकदा उचलून नेली की ‘वादळात फुटली’ हे दाखवायला हाताशी काही राहत नाही.

चुरा झालेली काच काही वेळा चौकटीत तशीच उभी राहते. अशा वेळी दार जोरात लावले तर आतल्या हवेच्या दाबाने ती कोसळते. मागचा वायपर आणि डिफॉगर सुरू करू नये. हातमोजे घालून मोठे तुकडे काढावेत. बारीक कण झाडूने निघत नाहीत, वॉशिंग सेंटरच्या व्हॅक्युमने निघतात. सीट बेल्टच्या बकलमध्ये आणि लहान मुलांच्या सीटच्या खाचांत ते हमखास अडकतात.

काचेच्या जागी जाड, पारदर्शक प्लास्टिक लावावे. निळी ताडपत्री पाणी अडवते, पण आरशातून मागचे काही दिसू देत नाही. बॉक्स पॅकिंगची खाकी टेप थेट रंगावर लावून दोन दिवस उन्हात ठेवली, तर निघताना तिचा डिंक रंगावर राहतो, कधी रंगही उचलला जातो. रंगकामवाल्यांची मास्किंग टेप बरी. डिकीच्या तळाशी, स्टेपनीच्या खोबणीत साचलेले पाणी विसरू नये. आठवड्याने येणारा कुबट वास तिथूनच येतो.

काच नसताना गाडी चालवली तर?

गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही, गावी जायला आहे. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर तिथे घोटाळतो. मागची चौकट उघडी असेल तर तो आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. ‘मस्त हवा येते’ म्हणत मागच्या सीटवर मुलांना बसवून लांबचा प्रवास करणे हा शुद्ध वेडेपणा. गाडी न्यावीच लागली तर अंतर कमी, वेग कमी, मागे कोणी नाही आणि पंखा बाहेरची हवा घेण्याच्या सेटिंगवर ठेवून मोठा करावा.

विमा मिळतो का?

‘नैसर्गिक आपत्तीला विमा नसतो’ हा गैरसमज अजून टिकून आहे. खासगी गाडीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत वादळ, चक्रीवादळ, गारपीट, पूर, वीज कोसळणे यांची नावे घेऊन संरक्षण दिलेले असते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर मात्र स्वतःच्या काचेचा एक रुपयाही मिळत नाही. २०१९च्या सप्टेंबरपासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची पॉलिसी, म्हणजे ‘ओन डॅमेज’, वेगळी घेता येते. नव्या गाडीबरोबर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळालेला असतो. ओन डॅमेजचे संरक्षण अनेकदा एकाच वर्षाचे असते आणि ते संपल्याचे कित्येकांच्या लक्षातच येत नाही. पॉलिसीवरच्या दोन्ही तारखा आजच पाहाव्यात.

सीएनजी किट बाहेरून बसवले असेल तर त्याची नोंद आरसी आणि पॉलिसी दोन्हींवर हवी. ती नसेल तर काचेच्या क्लेममध्येही नको ते प्रश्न निघतात.

क्लेम केला तर गणित काय बसते?

नियमित पॉलिसीत काचेवर घसारा लावला जात नाही. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये ठरावीक रक्कम मालकाने सोसायचीच असते. इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर १,००० रुपये, त्याहून मोठे असेल तर २,००० रुपये.

समजा, लहान हॅचबॅकची मागची काच आणि मजुरी मिळून ८,००० रुपये झाले, रबर-बीडिंगचे आणखी १,०००. बिल ९,००० रुपये. रबरावरचे ५०० आणि मालकाच्या वाट्याचे १,००० वजा जाता कंपनी ७,५०० रुपये देईल. इथवर सौदा चांगलाच वाटतो.

आता नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी. क्लेम न केल्यास ओन डॅमेजच्या हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर २० टक्के सूट मिळते. पुढे ती २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांवर जाते. एक क्लेम घेतला, मग तो साडेसात हजारांचा असो की दोन लाखांचा, की पुढच्या नूतनीकरणाला ही सूट शून्यावर येते आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते.

मूळ हप्ता १२,००० रुपये आणि एनसीबी ५० टक्के असलेल्या मालकाचा हिशेब मांडून पाहा. क्लेमनंतर पहिल्या वर्षी त्याला ६,००० रुपये जास्त भरावे लागतील. दुसऱ्या वर्षी ५०ऐवजी २० टक्केच सूट, म्हणजे ३,६०० जास्त. तिसऱ्या वर्षी ३,०००, चौथ्या वर्षी १,८००, पाचव्या वर्षी ६००. बेरीज १५,००० रुपये. गाडी जुनी होते तसा मूळ हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी भरेल. तरीही साडेसात हजार मिळवण्यासाठी त्याच्या दुपटीच्या आसपास रक्कम मोजली, असेच चित्र राहते.

ज्याची पॉलिसी पहिल्याच वर्षात आहे, त्याचे मात्र उलटे. त्याच्याकडे गमावण्यासारखी सूट साचलेलीच नाही. त्याच हप्त्यावर पाच वर्षांत त्याचे सुमारे ६,००० रुपये जातील आणि हाती ७,५०० येतील. म्हणजे क्लेम करायला हरकत नाही, पण फायदा आहे तो दीड हजाराचा.

फांदीने टप चेपला असेल, डिकीचे दार वाकले असेल आणि बिल ४० हजारांवर जाणार असेल, तर विचार करत बसू नये, क्लेम करावा. त्यात काचही धरली जाते. घटना एक, क्लेम एक. एनसीबी संरक्षणाचे जादा कवच घेतलेले असेल किंवा पॉलिसीत काचेच्या क्लेमला एनसीबीपासून वेगळे ठेवलेले असेल, तर वरचा सगळा हिशेब बदलतो. हे कस्टमर केअरला विचारण्यापेक्षा पॉलिसीच्या कागदावर वाचावे आणि तिथे दिसले नाही तर ईमेलवर विचारावे.

निर्णय व्हायला दोन दिवस लागणार असतील तरी घटना कंपनीला लगेच कळवून ठेवावी. उशीर हे क्लेम नाकारण्याचे कारण ठरू शकते. कळवले म्हणजे पैसे घेतलेच, असे होत नाही. पैसे घेण्याआधी क्लेम मागे घेतला तर तसे लेखी उत्तर घेऊन जपून ठेवावे. नूतनीकरणाच्या वेळी एनसीबी शून्य दिसली की ते कामाला येते. आणि सर्व्हेअरने पाहणी करेपर्यंत, किंवा कंपनीने मोबाइलवरून पाहणी पूर्ण करेपर्यंत, काच बदलू नये.

‘बंपरही यातच करून देतो’

हे वाक्य गॅरेजमध्ये ऐकू येते. मागच्या वर्षी पार्किंगमध्ये घासलेला बंपर वादळाच्या क्लेममध्ये घुसवायचा, बिल फुगवायचे आणि मालकाच्या वाट्याची रक्कम त्यातून भागवायची. मालकाला वाटते, आपले काय जाते? पण क्लेम फॉर्मवर सही त्याची असते. जुन्या ओरखड्यावर बसलेली धूळ आणि गंज सर्व्हेअरला ओळखू येतो. खोटी माहिती दिल्याच्या कारणावरून खऱ्या काचेचा क्लेमही बुडू शकतो. घडले तेवढेच लिहावे.

उलट बाजूने, कंपनीने विनाकारण अडवले तर आधी तिच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी जावे. तिथे दाद लागली नाही तर विमा नियामकाचे ‘बिमा भरोसा’ पोर्टल आहे आणि विमा लोकपालही आहेत. लोकपालांची कार्यालये मुंबई आणि पुण्यातही आहेत. तिथे वकील लागत नाही.

नवी काच घेताना काय पाहावे?

काचेच्या कोपऱ्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस २५५३ हा क्रमांक असावा. आपल्या गाडीच्या व्हेरिअंटला डिफॉगरच्या रेषा, वायपरचे भोक किंवा काचेतली अँटेना असेल, तर नव्या काचेतही ती हवी. त्याच मॉडेलच्या स्वस्त व्हेरिअंटची काच चौकटीत बसते, पण पावसाळ्यात धुके धरले की फरक कळतो. बसवून झाल्यावर दुकानातच डिफॉगर लावून पाहावा.

बऱ्याच गाड्यांत ही काच पॉलियुरेथेनच्या चिकटपट्टीवर बसते. त्यासाठी चौकट स्वच्छ आणि कोरडी लागते. भर पावसात रस्त्याच्या कडेला ‘अर्ध्या तासात बसवून देतो’ म्हणणाऱ्याला नकार द्यावा. गाडी किती तासांनी हलवायची हे विचारून घ्यावे आणि पहिले एक-दोन दिवस प्रेशरच्या पाण्याने धुऊ नये. नव्या काचेवर काळी फिल्म चढवण्याचा मोह होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा.

झाडाची जबाबदारी कोणाची?

रस्त्यावरचे झाड महापालिकेचे, आवारातले सोसायटीचे. मात्र महाराष्ट्राच्या १९७५च्या झाडांच्या संरक्षण कायद्यामुळे सोसायटीलाही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीविना मनाला येईल तशी छाटणी करता येत नाही. धोकादायक फांदीसाठी अर्ज करायची वेळ मार्च-एप्रिलची असते, वळीव डोक्यावर आल्यावर नाही. पालिकेकडून काचेची भरपाई मागायची तर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि ९,००० रुपयांसाठी कोर्टाच्या पायऱ्या कोणी चढत नाही. पण फांदी धोकादायक असल्याची लेखी तक्रार आधी केलेली असेल आणि तिचा क्रमांक हाती असेल, तर वॉर्ड ऑफिसातल्या बोलण्याचा सूर बदलतो.

दोष प्रत्येक वेळी झाडाचा नसतोच. बुंध्यापर्यंत ओतलेले काँक्रीट आणि केबलसाठी खोदताना तोडलेली मुळे झाडाला कमकुवत करतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात झाडांभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडच्या किती फुटपाथांवर एवढी माती उघडी दिसते, हे घराबाहेर पडून कोणालाही मोजता येईल.

फांदी पडलीच तर ती हटवण्यासाठी अग्निशमन दलाचा १०१ हा क्रमांक आहे. दलाकडे किंवा पालिकेच्या आपत्कालीन कक्षाकडे झालेली नोंद, तारीख-वेळेसह, पुढे क्लेमच्या कागदांना जोडता येते.