माळवद मालकाचं, माती भाडेकरूची



मृगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकायची, ही सोलापुरातली जुनी रीत. माळवद मालकाचं. माती कुणी टाकायची? भाडेकरूनं! पत्र्याला भोक पडलं, डांबर कुणी लावायचं? भाडेकरूनं! मोरीचा दगड खचला, चौकट वाळवीनं खाल्ली, सगळं भाडेकरूनं. महिना भरला की मालकाचा माणूस मात्र भाड्याला दारात हजर. हे इतकं अंगवळणी पडलंय की आपल्याला वाटतं, हाच कायदा असणार.

हा कायदा नाही. कायदा नेमका याच्या उलट आहे.

१९४७ साली मुंबई प्रांतात भाडे नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम १४ प्रत्येकानं पाठ करावं. घर राहण्यालायक दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, असं ते सांगतं. मालक करत नसेल तर त्याला कमीत कमी १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरी हलला नाही, तर भाडेकरूनं स्वतः दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून कापून घ्यायचा. एकट्यानं करा, नाही तर वाड्यातल्या सगळ्यांनी मिळून करा. खर्चाचा हिशेब आणि पावत्या भाडेकरूनं ठेवल्या असतील तर तोच पक्का पुरावा.

आता यातली मेख ऐका. वर्षाला कापता येतं ते वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. महिना चारशे भाडं असेल तर वर्षाचे ४८०० झाले, त्यातले कापायचे १२००. बाराशे रुपयांत आजच्या बाजारात काय येतं, ते दुकानात विचारून बघा! म्हणूनच एकट्याची नोटीस दुबळी पडते. आठ खोल्यांचा वाडा एका कागदावर सह्या करतो, तेव्हा आठ खोल्यांचा चौथा हिस्सा एकाच छपराला लागतो. दुसरी मेख अशी की करारात "दुरुस्ती भाडेकरू करील" असं लिहून त्याखाली तुमची सही असेल, तर हे कलम तुमच्या कामाचं राहत नाही. आणि अकरा महिन्यांच्या लायसेन्सच्या कागदावर सही केली, तर भाडेकरू हे नावच गेलं. वाचल्याशिवाय अंगठा उठवू नका, सही करू नका. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्यानं नोंदवला नसेल तर, उलट शाबीत होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरायच्या, असं याच कायद्याचं कलम ५५ म्हणतं.

हे झालं दुरुस्तीचं. पण खोलीत आपण जी भर घालतो तिचं काय?

माझ्या वडलांनी बोनसच्या पैशातून भाड्याच्या खोलीत शहाबादी फरशी घातली. आईसाठी स्वयंपाकाचा ओटा बांधला, मागच्या भिंतीला खिडकी पाडली. आम्ही चौथीपर्यंत त्याच फरशीवर खडूनं गणितं सोडवली. पुढं खोली सोडायची वेळ आली. वडील म्हणाले, "मालक, फरशीचं काहीतरी द्या की." मालक हसला. म्हणाला, "काढून न्या." गवंड्याला आणून दाखवलं तर तो म्हणाला, उचलली की फुटणार. तशीच सोडली. पुढच्या भाडेकरूकडून मालकानं अनामत वाढवून घेतली, फरशीची खोली म्हणून! वडील नंतर पुष्कळ वर्षं त्या गल्लीतून जाताना मान खाली घालून जात.

कायदा मालकाच्याच बाजूनं बोलला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात भाडेकरूला आपण बसवलेली वस्तू काढून नेता येते, मात्र जागा होती तशी करून दिली पाहिजे. भरपाईचं नाव नाही. भाडे कायद्यानं एवढंच केलं की लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, हवेसाठी खिडकी, धुराडं यांना कायमचं बांधकाम मानू नये असं लिहिलं. त्यामुळं तेवढ्यावरून घर खाली करायला लावता येत नाही. पालिकेची परवानगी लागत असेल तिथं ती घ्यावी लागते.

आणि शेतातल्या कुळाचं बघा. १९४८ च्या कुळकायद्यात, मालकाच्या लेखी परवानगीनं जमिनीत सुधारणा केलेल्या कुळाला जमीन सोडताना भरपाईचा हक्क आहे. लावलेल्या झाडाचीसुद्धा भरपाई आहे. आपल्यातले निम्मे अशाच कुळांची पोरं. बापानं बांधावर आंबा लावला तर त्याचा मोबदला, पोरानं शहरात फरशी घातली तर ठेंगा! हा कुठला न्याय? लेखी परवानगीनं केलेल्या सुधारणेची भरपाई भाडेकरूलाही मिळाली पाहिजे, ही आमची मागणी आहे. आमदार मत मागायला येतील तेव्हा हाच प्रश्न विचारा.

मुंबईतल्या जुन्या चाळींसाठी १९६९ च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ झालं. पुढं १९७६ च्या कायद्यानं ते काम म्हाडाकडं गेलं. ती सोय मुंबई बेटापुरती. सोलापूरच्या गिरणगावाला तसलं मंडळ मिळालं नाही. इथं वाडा खचला की पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागते, आणि काही मालकांना तर तीच हवी असते. घर पडलं की भाडेकरू गेला, असा त्यांचा हिशेब. तो हिशेब चुकीचा आहे. महाराष्ट्रातल्याच एका दाव्यात सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलं की पालिकेनं इमारत पाडली एवढ्यानं भाडेकरूचा हक्क बुडत नाही. मात्र पडेस्तोवर आत बसून राहू नका. जीव गेल्यावर हक्क कुणाच्या कामाचा? खोलीचं माप आणि फोटो घ्या, पंचनामा करून घ्या, मग बाहेर पडा.

रागाच्या भरात भाडं थांबवू नका. भाडं थकलं की मालकाला आयतं कारण मिळतं. कापायचं तेवढं कायद्यानं कापा, बाकीचं वेळेवर द्या आणि पावती मागा. पावती न देणं हा गुन्हा आहे.

नोटीस साध्या मराठीत लिहा, वकिली भाषा लागत नाही. खोली कुठली, काय मोडलंय, किती दिवसांत दुरुस्त हवं, एवढं पुरे. सगळ्यांच्या सह्या घ्या, पोस्टानं पाठवा, आणि नोटिशीची नक्कल नि पोस्टाची पावती रेशनकार्डाबरोबर ट्रंकेत ठेवा. पत्रे, खिळे, गवंड्याची मजुरी, प्रत्येकाची चिठ्ठीही तिथंच.