नवा छोटा हत्ती, पण भाव कोण ठरवणार?

भिवंडीच्या गोदामांत माल वाहणाऱ्या आपल्या तरुणांना जुना इलेक्ट्रिक छोटा हत्ती देऊन नवा घ्यावासा वाटणं साहजिक आहे. 2022 च्या टाटा एस ईव्हीची भारक्षमता 600 किलो, 2024 च्या मॉडेलची 1 टन. पण वजन वाढलं म्हणून कंत्राटदार फेरीचं भाडं वाढवणार का? हप्ता मात्र चुकणार नाही.

जुन्या गाडीचा भाव बॅटरीवर ठरतो. ती तपासणारा आणि भाव सांगणारा विक्रेता एकच! ही सावकाराचीच रीत झाली. बॅटरीचा लेखी तपासणी अहवाल हा चालकाचा कायदेशीर हक्क व्हायला हवा. तोवर मित्रांनो, अहवाल आणि भाड्याचा दर लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.

बाबासाहेबांनी 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष उभारला. एकट्या मजुराला भाव मिळत नाही, संघटित मजुराला मिळतो. गोदामाच्या दारात एकत्र उभे राहा.

जय भीम!