बुडालेल्या रोजाचा हिशेब

नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने ग्रामपंचायतींना राहत्या घरांच्या घरपट्टीच्या जुन्या थकबाकीवर 50 टक्के सूट देण्याची मुभा दिली. वर्षानुवर्षे घरपट्टी न भरणाऱ्याला सूट मिळते आणि पावसात दोर बांधून दरीत उतरणाऱ्या बचाव स्वयंसेवकाला मात्र काहीच नाही, हे मला पटत नाही. 2020 मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना ग्रामपंचायत हद्दीत घरपट्टी माफ झाली. ते योग्यच झाले. सेवेची कदर घरपट्टीतून करता येते, हे तत्त्व सरकारने तेव्हाच मान्य केले. त्याच तत्त्वाने नोंदणीकृत बचाव स्वयंसेवक ज्या घरात राहतो, त्या घराची पट्टी निम्मी करावी आणि ही मागणी मुळशी तालुक्यातल्या लवळे गावाने पहिल्यांदा करावी.

लवळ्यानेच का? जून 2021 मध्ये कारखान्याच्या आगीत कामगार होरपळून गेले ते उरवडे लवळ्याच्या जवळचे. पावसाळ्यात पुण्याची गर्दी ज्या रस्त्याने ताम्हिणी घाटाकडे लोटते, तो पौड रस्ताही इथूनच जवळ. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन मावळात सुदुंबरे येथे आहे. तिथून घाटात पोहोचायला वेळ लागतोच. तोवर खाली उतरतात ती गावातली आणि ट्रेकिंग संस्थांतली मुले. 2018 मध्ये आंबेनळी घाटात बस कोसळून 30 जण गेले, तेव्हा महाबळेश्वरचे ट्रेकर्स दरीत होते. 15 जून 2025 ला मावळातल्या कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला, तेव्हा तिथलेच स्वयंसेवक पाण्यात होते. या मुलांपैकी कुणी कंपनीत रोजावर असतो, कुणाचे गॅरेज असते. मृतदेह सापडेपर्यंत शोध दोन-तीन दिवस चालतो आणि तेवढे खाडे पडतात. तो बुडालेला रोज स्वयंसेवकाच्या घरातल्या किराण्यातून वजा होतो. म्हणून सवलतही घरालाच हवी. घर वडिलांच्या नावावर असले तरी ती मिळावी, कारण झळ साऱ्या घराला बसते.

सेवेला पैशाचा वास लागेल, असा आक्षेप येईल. पण वर्षाकाठी वाचणाऱ्या थोड्या रकमेसाठी कुणी रात्री दोनला धबधब्याखाली उतरत नाही. खोटे स्वयंसेवक उगवतील, ही भीती मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय आहे. 2016 पासूनच्या ‘आपदा मित्र’ योजनेत प्रशिक्षित स्वयंसेवक तयार झाले आहेत. त्यांची आणि बचाव संस्थांची एकच जिल्हा यादी करावी, प्रत्येक मोहिमेतील हजेरी पोलिसांनी नोंदवावी आणि वर्षातल्या ठरावीक हजेरीवरच सवलत द्यावी. भाड्याने राहणाऱ्याला घरपट्टीचा उपयोग नाही, हेही खरे. त्याच्या अपघात विम्याचा हप्ता सरकारने भरावा. सर्वांत वजनदार आक्षेप महसुलाचा आहे. इमारती वाढत असलेल्या लवळ्याला चार-सहा घरांची निम्मी पट्टी जड नाही. घाटालगतच्या छोट्या ग्रामपंचायतींना ती जड जाईल, आणि त्यांच्या हद्दीत अडकणारे बहुतेक बाहेरचे पर्यटक असतात. बाहेरच्यांना वाचवण्याचा भार त्या गावांनी का सोसायचा? ती तूट राज्याने भरून द्यावी.

न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर 2022 च्या कायद्याने स्वयंसेवी अग्निशामक आणि रुग्णवाहिका सेवकांच्या घरांच्या करआकारणीत 10 टक्क्यांपर्यंत सूट देण्याचा अधिकार सर्व स्थानिक संस्थांना दिला. त्यासाठी किमान काही वर्षांच्या सेवेची अटही ठेवली. स्वयंसेवक टिकावेत, हा त्यामागचा सरळ हेतू. आपल्याकडेही अनुभवी माणूस संसाराला लागला की दोर खाली ठेवतो, आणि त्याच्यासोबत त्या दरीची माहितीही जाते.

लवळ्याच्या ग्रामस्थांनो, 1 मेच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, मंजूर करा आणि ग्रामविकास विभागाकडे पाठवा. जूनमध्ये पाऊस येईल, तेव्हा या मुलांना पुन्हा फोन जाणारच आहे.