विमानावरचा टेपचा डिंक ब्लेडने का खरवडत नाहीत?

नंदुरबारच्या चाळिशीपारच्या उन्हात गाडीवरचा जुना स्टिकर काढून पाहा. कागद निघतो, डिंक तिथेच! मे २०२३ मध्ये मुंबईची गो फर्स्ट बंद पडली आणि तिची ५४ विमानं जवळपास वर्षभर कोर्टकचेरीत अडकली. विमान असं उभं राहिलं की त्याची छिद्रं, फटी टेपने झाकतात. टेप वेळेत बदलली नाही, तर डिंक उन्हाने कडक होतो.

मग खरवडायचं? नाही. रंगाखालचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पातळ असतो आणि केबिनमधल्या दाबामुळे प्रत्येक उड्डाणात ताणला जातो. साध्या ओरखड्यातूनही भेग पडू शकते. बोईंग ७३७ वर धारदार हत्यारांच्या अशा रेषा सापडल्यावर अमेरिकी नियामकाने तपासणी सक्तीची केली.

त्यामुळे मॅन्युअलने मान्य केलेलं सॉल्व्हंट आधी कोपऱ्यात तपासायचं, मग मऊ कापड आणि प्लास्टिकची पट्टी. वेळखाऊ, कंटाळवाणं काम. तेही विमान पुन्हा उडवायची घाई असताना.