नंबर जुळत नाहीत, म्हणून काय झालं?

परवा गप्पांत मी सांगितलं, की एनसीसीत माझ्या खांद्यावर असायची त्या थ्री-नॉट-थ्रीच्या बॉडीवर एक नंबर होता, बोल्टवर दुसरा आणि नोजकॅपवर तिसराच. जुन्या बंदुकांचा शौकीन मित्र फिसकन हसला. "म्हणजे भेसळ! सगळे नंबर जुळले तरच अस्सल."

अजिबात नाही!

बोल्टचं मान्य. तो त्या त्या बॉडीला मापून बसवतात. परका बोल्ट न तपासता घातला, तर गोळी झाडताना काडतुसाचं कवच फाटू शकतं. (आमची रायफल कवायतीची, तिला गोळीच नव्हती.) पण नोजकॅप, साइट, लाकूड? 1907 साली आलेलं हे मॉडेल इंग्लंडात बनलं, ऑस्ट्रेलियात लिथगोला बनलं, बंगालमध्ये इशापूरला बनलं. दोन महायुद्धांत आर्मरर मिळेल तो भाग लावून मोडकी रायफल पुन्हा उभी करत गेला. न जुळणारे नंबर ही त्या दुरुस्त्यांची नोंद आहे. ते घासून नवे ठोकणारे दुकानदार, भेसळ करतात ते!

आमच्या रामटेकच्या गडावर वाकाटकांचा नृसिंह आहे, यादवकाळातलं मंदिर आहे, भोसल्यांची तटबंदी आहे. तिथे तरी कुठे नंबर जुळतात? गडाला नकली म्हणायची हिंमत आहे का कुणाची?